व्हॉल्व्ह ॲम्पचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय? आधी तो कधी उडतो ते बघा

फ्यूज बदलला, उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग कोणीतरी जरा दणकट फ्यूज घातला. या खेपेला फ्यूज टिकला, पण ट्रान्सफॉर्मर जळाला. दुरुस्तीला येणाऱ्या, व्हॉल्व्हवर (काचेच्या ट्यूबवर) चालणाऱ्या गिटार ॲम्पपैकी बऱ्याच जणांची कहाणी इथवर सारखीच असते. फ्यूज एवढंच सांगतो की करंट जास्त गेला. तो कुठे गेला याचा अंदाज फ्यूज कोणत्या क्षणी उडाला यावरून येतो. तेवढं निरीक्षण नीट केलं तर निम्मा शोध ॲम्प न उघडताच संपतो. म्हणून नवा फ्यूज हातात घेण्याआधी आपलं लक्षण कोणतं ते ठरवा.

लक्षणं

स्विच टाकताक्षणी फ्यूज जातो, पायलट दिवा धड लागतही नाही. संशय मेन्सच्या बाजूवर, पॉवर ट्रान्सफॉर्मरवर किंवा शॉर्ट झालेल्या सिलिकॉन डायोडवर.

पॉवर टाकल्यावर सगळं ठीक, व्हॉल्व्हचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) लागतात, पण स्टँडबाय स्विच सोडला की फ्यूज जातो. बिघाड एचटीच्या, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजच्या बाजूला आहे: रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), फिल्टर कॅपॅसिटर, आउटपुट व्हॉल्व्ह किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. स्टँडबाय नसलेल्या ॲम्पमध्ये हेच घड्याळावरून ओळखायचं. जीझेड३४ सारखा रेक्टिफायर व्हॉल्व्ह तापून करंट द्यायला दहा-पंधरा सेकंद घेतो. तेवढ्या वेळाने फ्यूज गेला तर तेच उत्तर.

ॲम्प पाच-दहा मिनिटं चालतो, मग घरघर वाढते, एखाद्या आउटपुट व्हॉल्व्हची करडी प्लेट लालभडक होते आणि फ्यूज जातो. हा बायसचा (व्हॉल्व्हचा स्थिर करंट आवरून धरणाऱ्या व्होल्टेजचा) किंवा त्या व्हॉल्व्हचा प्रश्न.

हळू वाजवलं तर तासभर काही होत नाही, जोरात वाजवलं की फट् आवाज आणि अंधार. कुठेतरी ठिणगी पडते आहे: व्हॉल्व्हमध्ये, सॉकेटवर किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या आत.

फ्यूज शाबूत, हीटर लागलेले, पण आवाज शून्य. एचटी पोचत नाही. मागच्या पॅनेलवर एचटीचा वेगळा फ्यूज आहे का ते बघा. बऱ्याच ॲम्पना असतो आणि मालकाला तो माहीत नसतो.

ॲम्पचा फ्यूज जात नाही, पण घरातला आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. करंट अर्थमध्ये गळतो आहे.

आणि शेवटचं, सगळ्यांत गंभीर: गिटारच्या तारांना किंवा ॲम्पच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. हे तुमचं लक्षण असेल तर पुढच्या तपासण्या करू नका. प्लग काढा आणि थेट शेवटच्या भागात जा.

पेटी न उघडता होणाऱ्या तपासण्या

फ्यूजपासूनच सुरुवात करू. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर करंट प्रचंड होता, म्हणजे सरळ शॉर्ट. तार मधोमध शांतपणे तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर थोडा जास्त करंट बराच वेळ वाहिला, किंवा फ्यूज नुसता म्हातारा झाला. असा स्वच्छ तुटलेला फ्यूज एकदा बदलून बघायला हरकत नाही. काळा झालेला मात्र बदलायचाही नाही, आधी कारण शोधायचं.

मग फ्यूजच्या टोपीवरची अक्षरं वाचा. 'टी' म्हणजे सावकाश उडणारा, 'एफ' म्हणजे झटकन उडणारा. स्विच टाकताना ट्रान्सफॉर्मर, थंड हीटर आणि रिकामे कॅपॅसिटर मिळून क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. तो क्षण निभावून न्यावा म्हणून मेन्सला टी प्रकारचा फ्यूज लागतो. एफ घातला असेल तर तो कधी टिकेल, कधी जाईल, आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसाल. किती ॲम्पिअरचा हवा ते मागच्या पॅनेलवर छापलेलं असतं. १२० व्होल्टचा ॲम्प २३० व्होल्टला बदलून घेतला असेल तर करंट साधारण निम्मा होतो, तेव्हा फ्यूजही निम्म्याचा हवा. ही गोष्ट बदल करणारेही विसरतात.

व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो बघा. २३० च्या मेन्सवर सिलेक्टर १२० वर राहिला तर कोणताही फ्यूज टिकणार नाही, आणि टिकू नये हेच बरं.

फ्यूज होल्डरही संशयित आहे. त्याची स्प्रिंग ढिली किंवा आतला धातू काळवंडलेला असेल तर तिथेच उष्णता तयार होते आणि फ्यूज टोकाकडून वितळतो. टोपी हातात घेऊन बघा, प्लॅस्टिक करपलेलं असेल तर होल्डर बदलायचा. भाग स्वस्तातला असतो.

आता प्लग भिंतीतून काढा, ॲम्पचा पॉवर स्विच 'चालू' वर ठेवा, चांगला फ्यूज घाला आणि प्लगच्या पिनांवर मीटर लावा. फेज आणि न्यूट्रलमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (इनपुटकडच्या वाइंडिंगचा) रोध दिसला पाहिजे. तो मोठ्या ॲम्पला काही ओहम, लहानाला काही दहा ओहम असतो. काहीच दिसलं नाही तर केबल, स्विच किंवा फ्यूज तुटलेला. जवळपास शून्य दिसला तर केबल किंवा इनलेट शॉर्ट. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ या दोन्हींमध्ये मीटरने ओपन दाखवलं पाहिजे. अर्थची पिन आणि ॲम्पची चासी (आतला धातूचा सांगाडा) यांच्यातला रोध, लीड्सचा स्वतःचा रोध वजा करून, एक ओहमच्या आत हवा. हे मोजताना पिना बोटांनी धरू नका. मीटरचा करंट अगदी थोडा असला तरी लीड सुटताना प्रायमरी एक टोचरा झटका देते. धोका नाही, पण दचकून ॲम्प टेबलावरून पाडणारे असतात.

मग स्पीकर. जॅक घट्ट आहे का, केबल स्पीकरचीच आहे का, की गिटारची बारीक केबल तिथे लावली आहे? कारण साधं आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड नसताना जोरात वाजवलं तर प्रायमरीवर हजारो व्होल्टचे झटके तयार होतात आणि ते सॉकेटवर किंवा वाइंडिंगमध्ये वाट फोडतात. 'जोरात वाजवलं की फट्' यामागे बरेचदा आधी कधीतरी तुटलेली स्पीकर केबल निघते. आउटपुट व्हॉल्व्ह बसवून जे काही तपासाल ते स्पीकर किंवा डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा मोठा रेझिस्टर) जोडूनच.

व्हॉल्व्हकडे नुसतं बघूनही बरंच कळतं. काचेच्या आत वरच्या बाजूला चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, व्हॉल्व्ह संपला. चालू असताना काचेच्या आतल्या भिंतीवर निळी चमक दिसली तर घाबरू नका. चांगल्या आउटपुट व्हॉल्व्हमध्येही ती दिसते. इलेक्ट्रोडच्या मधल्या जागेत जांभळी-गुलाबी धूसर चमक दिसली तर मात्र आत वायू आहे.

आता न उघडता होणारी सगळ्यांत कामाची चाचणी: भाग काढून घेणं. ॲम्प बंद, प्लग बाहेर, व्हॉल्व्ह पूर्ण थंड. रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर आधी एकटा तोच काढा. तो निघाला की सगळी एचटी एका झटक्यात तुटते. मग योग्य मापाचा फ्यूज घालून चालू करा. तरीही उडाला तर बिघाड मेन्समध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या लाइनवर. टिकला तर रेक्टिफायर किंवा त्याच्या पुढचं काहीतरी. प्लग काढून, थांबून, रेक्टिफायर परत बसवा आणि आउटपुट व्हॉल्व्ह काढा. कोणता कुठून निघाला ते लिहून ठेवा. आता फ्यूज टिकला तर दोष आउटपुट व्हॉल्व्हचा किंवा त्यांच्या बायसचा. ही चाचणी मिनिटभरात उरका, कारण लोड नसताना एचटी वर चढते आणि कॅपॅसिटरच्या मर्यादेजवळ जाऊ शकते.

प्रीॲम्पचे छोटे व्हॉल्व्ह, म्हणजे ईसीसी८३, काढत बसू नका. त्यांच्या प्लेटला साधारण १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो. व्हॉल्व्ह आतून पूर्ण शॉर्ट झाला तरी ३०० व्होल्टला ३ मिलिॲम्पिअरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. तेवढ्याने मेन्सचा फ्यूज उडत नाही. छोटा व्हॉल्व्ह आवाज बिघडवतो, गुरगुरतो, शिट्टी घालतो. फ्यूजच्या बाबतीत तो जवळपास नेहमीच निर्दोष असतो.

एकाच आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होत असेल तर दोघांच्या जागा बदला आणि लगेच बघा. लाली व्हॉल्व्हसोबत गेली तर व्हॉल्व्ह खराब. लाली त्याच सॉकेटवर राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष, ॲम्प दोषी. दोन्ही लाल असतील तर बायसच गेला आहे. दोषी ॲम्पमध्ये नवी जोडी घालण्याचा मोह इथेच होतो. बायस नसलेल्या सॉकेटमध्ये नवा आउटपुट व्हॉल्व्ह, समजा ईएल३४, एक-दोन मिनिटांत खलास होतो, आणि दुकानदाराला वाटतं व्हॉल्व्ह तुम्ही मारला. त्याचं बरोबरच असतं.

सिरीज दिवा

फ्यूज जाळत राहण्यापेक्षा एक सिरीज बोर्ड बनवून घ्या: फेजच्या वायरमध्ये तारेचा, म्हणजे फिलामेंटचा जुना बल्ब, आणि पुढे ॲम्पसाठी सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध अगदी कमी असतो, तापला की कित्येक पट वाढतो. त्यामुळे ॲम्प ठीक असेल तर बल्ब जवळपास मध्ये येत नाही, आणि शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो व करंट अडवतो. २३० व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ०.२६ ॲम्पिअरपेक्षा जास्त जाऊच देत नाही. लहान ॲम्पला ४० ते ६० वॅट, चार आउटपुट व्हॉल्व्हच्या मोठ्या ॲम्पला १०० किंवा २०० वॅट. चार ईएल३४ च्या हीटरनाच ६ ॲम्पिअर लागतात. त्यांच्यासाठी छोटा बल्ब लावला तर तो विनाकारण पेटलेला राहील.

सगळे व्हॉल्व्ह काढून ॲम्प लावला की बल्ब क्षणभर चमकून जवळपास विझला पाहिजे. व्हॉल्व्ह बसवल्यावर तो आधी उजळेल, मग मंद होईल आणि आउटपुट व्हॉल्व्ह चालू झाले की किंचित वाढून स्थिर होईल. पूर्ण उजेडात अडकून राहिला तर शॉर्ट अजून आहे. बल्बमागे ॲम्पला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही, म्हणून त्यावर बायस सेट करू नका.

उघडण्याआधी

इथून पुढे चासी बाहेर काढायची आहे. आतला एचटी साधारण ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कॅपॅसिटरमध्ये बसून राहतो. १०० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टला भरला की त्यात सुमारे १० ज्यूल साठतात, आणि छातीतून जायला ते पुरेसे घातक आहेत. बंद करून रात्र गेली म्हणजे ॲम्प रिकामा झाला, हे गृहीत धरायचं नाही. ब्लीडर (कॅपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) रेझिस्टर तुटलेला असेल किंवा तो मुळात नसेलच.

माझी पद्धत अशी. प्लग काढून तो नजरेसमोर टेबलावर ठेवायचा, भिंतीजवळ नाही. मीटर किमान ६०० व्होल्टचं, लीड्सही तेवढ्याच. काळी लीड क्लिपने चासीला. लाल लीडने पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरवर व्होल्टेज मोजायचं, एक हात पाठीमागे. मग १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्या कॅपॅसिटरवर लावायचा. १०० मायक्रोफॅरडला एवढा रेझिस्टर पाच-सहा सेकंदांत रिकामा करतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करणारे मी पाहिले आहेत. त्यात कॅपॅसिटर, स्क्रूड्रायव्हर आणि कधी डोळा, तिन्ही खराब होऊ शकतात. पुन्हा मोजायचं. दहा व्होल्टच्या खाली आलं तरी रेझिस्टर लावलेलाच ठेवायचा, कारण मोठे कॅपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडं व्होल्टेज आपोआप परत वर आणतात. बाकीच्या प्रत्येक फिल्टर कॅपॅसिटरवरही मोजायचं. मधला एखादा रेझिस्टर तुटलेला असेल तर पुढचा कॅपॅसिटर भरलेलाच राहतो.

चालू ॲम्पवर काही मोजायचं असेल तर बंद, डिस्चार्ज, क्लिप लावा, हात बाहेर, चालू, वाचा, बंद, डिस्चार्ज. चालू ॲम्पमध्ये हातातली प्रोब फिरवायची नाही. वेळ लागतो. लागू द्या.

आतल्या तपासण्या

आधी डोळे आणि नाक. करपलेला रेझिस्टर, फुगलेला किंवा तळाशी चिकट झालेला कॅपॅसिटर, व्हॉल्व्ह सॉकेटवर काळी-तपकिरी रेघ. ईएल३४ किंवा ६एल६ च्या सॉकेटवर पिन ३ म्हणजे प्लेट आणि पिन २ म्हणजे हीटर शेजारी-शेजारी असतात. मोठा झटका आला की ठिणगी तिथेच पडते आणि सॉकेटवर कार्बनची वाट उरते. ती घासून जात नाही, आत मुरलेली असते. सॉकेट बदला.

हीटर. ठिणगी पिन २ वर गेली की पुढचा बळी हीटर लाइनचे दोन १०० ओहमचे रेझिस्टर असतात, जिथे ते वापरले आहेत तिथे. हीटरपासून चासीपर्यंत मोजा: दोन्ही चांगले असतील तर ५० ओहमच्या आसपास, एक गेला असेल तर १००. फ्यूज हीटरमुळे जातोय असं रेक्टिफायरच्या चाचणीत दिसलं असेल तर आधी पायलट दिव्याचा होल्डर सैल करून बघा. त्याचा पत्रा वाकून ६.३ व्होल्टची लाइन शॉर्ट करतो. हा बिघाड इतका क्षुल्लक आहे की सगळे तो शेवटी बघतात.

डायोड. सिलिकॉन रेक्टिफायर असेल तर मीटरच्या डायोड रेंजवर एका दिशेने ०.५ ते ०.६ व्होल्ट आणि उलट दिशेने ओपन दिसलं पाहिजे. दोन्हीकडे बीप वाजली तर शॉर्ट. एक गेला तरी सगळे बदला, कारण उरलेल्यांनीही तो झटका खाल्लेला असतो. ३५०-०-३५० च्या वाइंडिंगवर प्रत्येक बाजूला उलटं व्होल्टेज जवळपास ९९० व्होल्टपर्यंत जातं. एकटा १एन४००७ फक्त १००० व्होल्टचा, म्हणून तिथे प्रत्येक बाजूला दोन-दोन सिरीजमध्ये लावतात. कोणी एकेकच लावला असेल तर तोच पुन्हा पुन्हा जाणारा भाग आहे.

रेक्टिफायर व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा मरत असेल तर पहिला फिल्टर कॅपॅसिटर वाचा. जीझेड३४ साठी तिथे ६० मायक्रोफॅरड ही मर्यादा आहे. घरघर कमी व्हावी म्हणून कोणीतरी मोठा लावतो, आणि मग दर वेळी चालू करताना व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडते. तापलेल्या रेक्टिफायरवर स्टँडबाय उघडून रिकामे कॅपॅसिटर एकदम जोडणंही त्याला मानवत नाही. माझ्या मते रेक्टिफायर व्हॉल्व्ह असलेल्या बहुतेक ॲम्पमध्ये तो स्विच नसता तरी चाललं असतं.

फिल्टर कॅपॅसिटर. पूर्ण डिस्चार्ज केल्यावर, क्लिपचा रेझिस्टर काढून, एचटी आणि चासीमध्ये ओहम मोजा, लाल लीड पॉझिटिव्हला. आकडा खालून सुरू होऊन सरकत वर गेला पाहिजे. काहीशे ओहमवर अडकला तर शॉर्ट. कोणत्या टप्प्यावर, ते दोन टप्प्यांमधल्या जळलेल्या ड्रॉपिंग रेझिस्टरवरून कळतं: ४०० व्होल्टवर १० किलोओहमच्या पुढचा कॅपॅसिटर शॉर्ट झाला तर त्या रेझिस्टरवर १६ वॅट पडतात, आणि फ्यूज टिकून तोच करपतो. करपलेला रेझिस्टर बदलून थांबू नका, त्याच्या पुढचा कॅपॅसिटर बघा. ५० हर्ट्झच्या मेन्सवर १०० हर्ट्झची घरघर येत असेल आणि कॅपॅसिटर पंधरा-वीस वर्षांचे असतील तर चाचण्यांत वेळ न घालवता पूर्ण संच बदलावा. ध्रुवता दोनदा तपासा. वर्षानुवर्षं पडून असलेला ॲम्प थेट भिंतीला कधीच लावू नका, आधी सिरीज दिव्यावर.

बायस. लाल प्लेटची बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात, म्हणून इथे घाई नको. आउटपुट व्हॉल्व्ह काढलेले, रिकाम्या सॉकेटच्या पिन ५ वर, म्हणजे ग्रिडवर (व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या जाळीवर), क्लिप, वरच्या पद्धतीने. फिक्स्ड बायसच्या (बायसला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज असलेल्या) ॲम्पमध्ये दोन्ही बाजूंना सारखं निगेटिव्ह व्होल्टेज हवं, साधारण उणे ३० ते उणे ५५ च्या दरम्यान, ॲम्पप्रमाणे. दोन्हीकडे काहीच नसेल तर बायसचा डायोड, त्याचा छोटा कॅपॅसिटर किंवा प्रीसेट (बायस जुळवायचा छोटा पॉट) बघा. त्या कॅपॅसिटरचं पॉझिटिव्ह टोक चासीला असतं. बदलताना हात सवयीने उलटा लावतो.

एका बाजूला उणे ४० आणि दुसरीकडे उणे २८ असेल तर उणे २८ च्या बाजूचा कपलिंग कॅपॅसिटर (आधीच्या टप्प्याचा सिग्नल ग्रिडला पोचवणारा) गळतो आहे. आधीच्या टप्प्याचं पॉझिटिव्ह व्होल्टेज त्यातून झिरपून ग्रिडवर येतं. २२० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर १२ व्होल्टचा फरक पडायला जेमतेम ५५ मायक्रोॲम्पिअर पुरतात. कपॅसिटन्स मोजणाऱ्या मीटरवर तो कॅपॅसिटर अगदी ठणठणीत दिसेल, कारण मीटर काही व्होल्टवर तपासतं आणि गळती काहीशे व्होल्टवर होते. त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवा, ॲम्प चालू करून त्या सुट्या टोकावर डीसी मोजा. क्षणभर काहीतरी दिसून शून्याकडे गेलं तर चांगला. व्होल्टेज टिकून राहिलं तर बदला, आणि जोडीचाही.

ईएल८४ च्या छोट्या, कॅथोड बायसच्या (कॅथोडच्या रेझिस्टरने बायस मिळणाऱ्या) ॲम्पमध्ये ग्रिड म्हणजे पिन २ वर शून्य व्होल्ट हवे. तिथे पॉझिटिव्ह दिसलं तर तोच कपलिंग कॅपॅसिटर. ग्रिड ठीक असून प्लेट लाल होत असेल तर कॅथोडचा बायपास कॅपॅसिटर शॉर्ट आहे का बघा.

बायस परत आला की व्हॉल्व्ह बसवून करंट मोजा. ईएल३४ ची प्लेट २५ वॅट सोसते. ४५० व्होल्टला ते ५५ मिलिॲम्पिअर होतात आणि स्थिर करंट त्याच्या ६५-७० टक्के, म्हणजे ३६ ते ३९ च्या आसपास ठेवतात. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर जितके मिलिव्होल्ट तितके मिलिॲम्पिअर. त्यात थोडा स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) करंटही मिसळलेला असतो.

स्क्रीनचे रेझिस्टर, ४७० ओहम किंवा १ किलोओहम, प्रत्येकी मोजा. आतून शॉर्ट झालेला व्हॉल्व्ह जाताना हा रेझिस्टर घेऊन जातो. नवा व्हॉल्व्ह घातला पण एक बाजू मुकी, असं झालं तर हाच.

सैल सोल्डर शोधायला ॲम्प चालू असताना ठोकून बघायचं तर कोरडी लाकडी काडी वापरा. पेन्सिल नको, तिच्यातलं ग्राफाइट वीज वाहून नेतं.

ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत शेवटी, कारण ते सगळ्यांत महाग आणि त्यांच्यावर विनाकारण आळ फार येतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून दोन्ही प्लेटपर्यंतचा रोध मोजा. दोन्हींत थोडा फरक असतोच, बाहेरचं वाइंडिंग लांब असतं. एक बाजू ओपन असेल किंवा प्रायमरी आणि चासीमध्ये रोध दिसत असेल तर तो गेला. पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी सगळ्या सेकंडरी (आउटपुटकडची वाइंडिंग) सोडवा, टोकं वेगवेगळी झाका आणि सिरीज दिव्यावर लावा. बल्ब विझलेला राहिला पाहिजे. पेटला तर आतले फेरे शॉर्ट आहेत, आणि साधं ओहम मीटर ते कधीच दाखवणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

झिणझिण्या येत असतील, आरसीसीबी पडत असेल किंवा अर्थची पिन चासीशी जोडलेली नसेल तर लगेच. इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या मीटरने) तपासावं लागतं, मल्टिमीटरने नाही. दोन तारांच्या प्लगचे जुने ॲम्प, ज्यांत मेन्स आणि चासीच्या मध्ये एक कॅपॅसिटर असतो, तेही याच गटात. तो कॅपॅसिटर काढून तीन तारांची केबल लावणं हाच उपाय. घरघर जावी म्हणून अर्थ तोडणं हा उपाय नव्हे. १९७२ साली स्वानसी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेला. गिटार आणि माइक यांतल्या एकाचं अर्थिंग बिघडलं की तारांवरचा हात आणि माइकला टेकलेले ओठ सर्किट पूर्ण करतात.

सेकंडरी सोडवूनही बल्ब पेटत असेल, सर्किट बोर्ड करपून काळा झाला असेल, ट्रान्सफॉर्मरला वार्निशचा जळका वास असेल, किंवा समोरच्या ॲम्पमध्ये एचटी कुठून कुठे जाते हे बोट ठेवून सांगता येत नसेल, तरीही थांबा. घरात दुसरं कोणी नसताना एचटी मोजायला बसू नका.

जाणकाराकडे देताना फ्यूज कोणत्या क्षणी जातो, कोणते भाग काढल्यावर टिकला, बल्ब कसा वागला आणि कोणी आधी काय बदललं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो.

दुरुस्ती घरीच झाली असेल तर ॲम्प बंद करून घाईने पेटीत घालू नका. छापलेल्या मापाचा फ्यूज, स्पीकर जोडलेला, पूर्ण मेन्सवर अर्धा तास चालू ठेवा आणि खोलीतला दिवा मंद करून प्लेटकडे बघत राहा. अर्ध्या तासाने बायसचा करंट पुन्हा मोजा. तो हळूहळू वर चढतच असेल तर कुठलीतरी गळती अजून शिल्लक आहे. कपलिंग कॅपॅसिटर आधीच बदलले असतील तर बहुतेक व्हॉल्व्हच बदलावा लागतो.